हस्सुमीच्या चवळीची मयत

बिबाता करीमू चालताना नेहमी घाईत दिसायची, आणि ती खरंच घाईत असायची. दुपार कलली, अस्रची नमाज झाली, की डोक्याला पिवळं फडकं गुंडाळून, हातात काठी घेऊन ती गावामागच्या पठारावर चढायची. वर तांबडी, खडकासारखी टणक जमीन आणि मधूनमधून झुडपांचे पट्टे. जिराफांचा कळप दिसला की ती डोळ्यांवर हात धरून बघत राहायची. किती आहेत ते तिला मोजायचं नसायचं. माना कुणीकडे वळल्यात एवढंच बघायचं असायचं. मग चढली त्याच्या दुप्पट घाईने उतरायची आणि बांगुबंदा गावात दारोदार सांगत सुटायची, "आज तुमच्या शेताकडे तोंड आहे त्यांचं, शेंगा घरात घ्या." किंवा, "तुम्ही निवांत जेवा, आज ते मुखियाच्या शेताकडे निघालेत." मुखियाला मात्र हे सर्वांच्या आधी जाऊन सांगितलेलं असायचं. तेवढं शहाणपण तिच्याकडे होतं.

या कामाचा तिला पगार नव्हता. शहरातल्या जिराफ वाचवणाऱ्या संस्थेच्या माणसांनी एकदा छातीवर जिराफाचं चित्र असलेला सदरा आणि तशीच टोपी दिली होती. सदरा तिने धाकट्या जावयाला दिला आणि टोपीत तिची कोंबडी अंडी घालायची. गावकरी कधी मूठभर चवळी, कधी एखादा कांदा, कधी सुक्या माशाचा तुकडा हातावर ठेवत. नाही ठेवला तरी बिबाता दुसऱ्या दिवशी हजर असायचीच.

नवरा सुमाना तीस वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या मुलखात हमाली करायला गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. बिबाता त्याला मरहूमच, म्हणजे वारलेलाच, म्हणायची. "मरहूमचा काल फोन आला होता," असं ती शेजारणींना सांगायची, "गुडघे दुखतात म्हणे." दोन्ही मुली दोस्सो शहरात दिलेल्या. घरात ती, चार बकऱ्या आणि ती कोंबडी. रिकामं घर खायला उठतं म्हणून ती जिराफांच्या मागे लागली, असं लोक म्हणतात. लोकांना काय, काहीही म्हणतात.

ती स्वतः वेगळं सांगायची. लग्न होऊन नुकतीच सासरी आलेली असताना तिने आपलं लग्नातलं कापड धुऊन झुडपावर वाळत घातलं होतं. बघते तर एक जिराफ त्याची कड तोंडात धरून चघळतोय. ती मुसळ घेऊन धावली आणि तोंडाला येईल ते बोलली. तो प्राणी जागचा हलला नाही. मान खाली करून, लांब पापण्या मिटत-उघडत, त्याने तिच्या सगळ्या शिव्या शेवटपर्यंत ऐकल्या आणि मग कापड सोडून निघून गेला. "सासरी आल्यापासून माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकणारा तो पहिलाच," बिबाता म्हणायची, "अशांना मरू कसं द्यायचं?"

त्या काळी आमच्या भागात जिराफ पन्नाससुद्धा उरले नव्हते, आणि या जातीचे आमच्या भागाबाहेर जगात कुठेच नव्हते. दुष्काळ, बंदुका आणि कुऱ्हाडी यांनी मिळून त्यांचा निकाल लावत आणला होता. आता ते शेकड्यांनी आहेत. त्यांना कुंपण नाही की दार नाही. बाया विहिरीवर पाणी शेंदतात आणि पलीकडच्या झाडात तीन माना पाला ओरबाडत असतात. याचं श्रेय पुष्कळ जण घेतात, आणि त्यातल्या काहींचं खरंही आहे. पण चवळीचा हंगाम आला की श्रेय घेणारे शहरात असतात आणि चवळी शेतात असते.

चवळीचं आमच्याकडे असं आहे की शेंगा आणि वेल वाळवायला शेतातच ठेवायचे, आणि बकऱ्यांचं तोंड पोचू नये म्हणून चार खांबांवरच्या माळ्यावर रचायचे. माळा डोक्याएवढा उंच. म्हणजे जिराफाला मान थोडी खाली केली की झालं. बिबाता दर वर्षी घसा कोरडा करायची, "अरे, बकरीपासून वाचवता आणि जिराफाला ताट वाढून ठेवता. खाली रचा, वर काटे टाका, नाहीतर सरळ घरी आणा." लोक मान डोलवायचे आणि माळ्यावरच रचायचे, कारण बापाने तसंच रचलं होतं. निदान कळप यायच्या दिवशी ते गाढवगाडी जुंपून माल घरी आणत, आणि ते बिबाताच्या तोंडाच्या भीतीने.

आता हस्सुमीकडे येऊ. बिबाताचा बाप आणि हस्सुमीची आई सख्खी भावंडं, म्हणजे तो तिचा आतेभाऊ. आमच्याकडे आते-मामे भावंडं एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. भांडण असतं म्हणून नव्हे, नातंच तसं आहे. एकमेकांची टर उडवायचा हक्क त्यांना जन्मासोबत मिळतो, आणि तो न बजावणं म्हणजे नातं नाकारणं. आतेभावाने भर बाजारात तुमच्या डोक्यावरची टोपी उचलावी, तुमच्या ताटातला घास खावा, तुम्हाला आपला गुलाम म्हणावं. तुम्ही रागवायचं नाही. जो रागावला तो गावाच्या नजरेतून उतरला.

हस्सुमी साठीला टेकलेला, अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा. गावातल्या निम्म्या कबरी त्याने खणलेल्या, फुकट, आणि प्रत्येकीच्या कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. बिबाता दिसली की तो ओरडायचा, "आली माझी गुलाम. काय गं, तुला बाजारात उभी केली तर कुणी बदल्यात चिमूटभर मीठ तरी देईल का?"

"तुला उभा केला तर मीठ देऊन परत पाठवतील," बिबाता म्हणायची.

दोघांचा आजोबा एकच. तरी त्यांच्यात गुलाम कोण हा वाद पन्नास वर्षं चालू होता. एकदा बिबाताने त्याला शपथेवर सांगितलं की सासूबाई मोठं बोचकं घेऊन आल्यात आणि पावसाळाभर राहणार आहेत. हस्सुमी मागच्या कुंपणावरून उडी मारून दोन कोस पळाला. त्याचं उट्टं त्याने असं काढलं की बाजाराच्या दिवशी पुकारा केला, बिबाताला नवरा पाहिजे, दात नसले तरी चालेल. तीन म्हातारे खरोखर आले. त्यातला एक पुढे दोन वर्षं सणाला तिच्याकडे चघळायला कोला नटाच्या कडू बिया पाठवत होता.

अशा माणसाला जिराफांची खरी बातमी द्यायची कशी? बिबाता ती त्याच्या बायकोला द्यायची. रामातू लांबच्या गावची, बिबाताशी तिचं असलं नातं नव्हतं, तिला खरं सांगता यायचं. पण गेल्या हंगामात रामातू लेकीच्या बाळंतपणाला गेलेली होती, आणि नेमक्या त्याच आठवड्यात कळप हस्सुमीच्या शेताकडे वळला.

बिबाता पठारावरून थेट त्याच्याकडे आली. तो मांडवाखाली चार मित्रांबरोबर चहा उकळत बसला होता. आमच्याकडे चहाच्या तीन फेऱ्या होतात, त्यातली दुसरी चालू होती.

"हस्सुमी, कळप तुझ्या शेताकडे निघालाय. तुटक्या कानाची मादी पुढे आहे, सोबत पिल्लू आहे. ऊठ, माळा रिकामा कर."

"आणि माझी सासू कुठे आहे? कळपाच्या मागे, बोचकं घेऊन?"

मित्र हसले. हस्सुमीने तिच्यापुढे पेला धरला, ती घ्यायला गेली तसा स्वतःच पिऊन टाकला.

"अरे, खरं सांगतेय."

"त्या वेळी पण हेच म्हणाली होतीस."

"शपथ घेते."

"मग तर नक्कीच खोटं."

शेजारी बसलेल्या कुणालाही ती म्हणू शकली असती, बाबा, तू सांग याला. एका वाक्याचं काम होतं. पण चौघं हसत होते, ती चिडलीही होती आणि तिलाही हसू येत होतं, आणि आतेभावापुढे शब्द खाली पडू द्यायची तिला सवय नव्हती. "नको ऐकूस," ती म्हणाली, "जाऊन तुझ्या चवळीचा मुका घेऊन ये, उद्या ती सासरी जाणार आहे." आणि ती निघून गेली. चूक आपली होती, हे तिने पुढे कधी नाकारलं नाही.

सकाळी माळा रिकामा होता. खाली चघळलेले वेल, चार शेंगा आणि खुरांचे ओंजळीएवढे मोठे ठसे. घरचं वर्षाचं खाणं आणि बैलाचा उन्हाळ्याचा चारा, सगळं गेलं होतं. हस्सुमी मधोमध उभा होता. बिबाता धापा टाकत पोचली आणि दुरूनच म्हणाली, "काय रे गुलामा, तुला सांगितलं नव्हतं?"

हस्सुमीने वळून पाहिलं. "सलाम, बिबाताबाई," तो म्हणाला. "रात्र बरी गेली ना? घरची माणसं बरी आहेत? बकऱ्या बऱ्या आहेत? पाय दुखत नाहीत ना?"

परक्या गावच्या पाहुण्याशी बोलतात तसं तो बोलत होता, एकही विचारपूस न गाळता. तिने पुन्हा प्रयत्न केला, त्याच्या पोटाच्या घेराला बोल लावला, त्याच्या टकलाला लावला. "अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो," हस्सुमी म्हणाला आणि फावडं उचलून चालू लागला.

हा आदर दहा दिवस चालला. विहिरीवर भेटला तर बाजूला होऊन वाट द्यायचा. बाजारात ती बसली असेल तर तिच्या बकऱ्यांची चौकशी करून पुढे जायचा. गाव बघत होतं आणि कुणाला काही सुचत नव्हतं, कारण रागावलेल्या आतेभावाची समजूत घालायची आमच्याकडे रीतच नाही. असा कुणी रागावतच नाही. बिबाताने खाणं कमी केलं. तिच्या आवडीचा दांबू, शेवग्याच्या पाल्याचा, तसाच निवत ठेवून ती बसून राहायची. "त्याने काठी उगारली असती तर बरं झालं असतं," ती बकऱ्यांना सांगायची. पठारावर मात्र रोज चढायची. तेवढं तिने सोडलं नाही.

दहाव्या दिवशी ती पठारावरून उतरताना हस्सुमीच्या शेताच्या कडेने आली. कळपाच्या पायवाटेवर बाजरीची ताटं पसरलेली होती. तिने काठी टेकली आणि काठी मुठीपर्यंत आत गेली.

ताटं बाजूला केली तर खाली खड्डा. कंबरभर खोल, माणूस आडवा मावेल एवढा लांब, आणि कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. कुणी खणला हे विचारायची गरज नव्हती. कशासाठी हेही नव्हती. अशा खड्ड्यात जिराफाचा पाय गेला की मोडतो, आणि पाय मोडलेला जिराफ पुन्हा उठत नाही. तुटक्या कानाची मादी याच वाटेने यायची आणि पिल्लू तिच्या पायात पाय घालत मागून.

वनखात्याची चौकी चार कोसांवर होती. एक निरोप धाडला असता तर दुपारी शिपाई आले असते, हस्सुमी तुरुंगात गेला असता, आणि जिराफांचा एक वैरी होता त्याचे दहा झाले असते: त्याचे मुलगे, पुतणे, जावई. हा झाला डोक्याने केलेला विचार. खरं म्हणजे तिच्याने ते झालंच नसतं. आतेभावाला शिपायांच्या हवाली करणारी बाई आमच्याकडे अजून जन्माला यायची आहे. खड्डा स्वतःच बुजवावा, तर त्याने दुसरा खणला असता. ती बराच वेळ काठावर बसून त्या सरळ कडांकडे बघत राहिली. आणि बघता बघता तिला तिच्या बापाची मयत आठवली.

आमच्याकडे मयत कबरीपाशी आणली की मेलेल्याच्या घरचा एखादा आतेभाऊ किंवा मामेभाऊ उडी मारून कबरीत आडवा होतो. मला काहीतरी द्या, नाहीतर मी उठत नाही, म्हणतो. रडणारी माणसं आधी विनवतात, मग घासाघीस करतात, आणि घासाघीस करता करता हसायला लागतात. काहीतरी हातावर पडलं की तो उठतो. बिबाताच्या बापाच्या वेळी हस्सुमी झोपला होता आणि मामाचा रेडिओ मागत होता. ते ऐकून घरी बिबाता रडता रडता हसली होती, आणि त्या हसण्यानेच तो दिवस तिला झेपला होता.

बायका कब्रस्तानात जात नाहीत. पण हे कब्रस्तान नव्हतं. हे चवळीचं शेत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी उरकून ती गेली, ताटं बाजूला केली, खड्ड्यात उतरली, आडवी झाली आणि पिवळं फडकं तोंडावर ओढून घेतलं. थोड्या वेळाने पावलं वाजली आणि काठावर थांबली.

"बिबाताबाई," हस्सुमीचा आवाज आला, "उठा. ऊन वाढतंय."

"कबर खणलीस म्हणजे मयत असणार," ती फडक्याखालून म्हणाली. "कुणाची, ते मला कळलंय. तुझ्या चवळीची. आणि मी तुझी मामेबहीण. माझा हक्क दिल्याशिवाय मी उठायची नाही."

हस्सुमीने फावडं काठावर टेकवलं. मग म्हणाला, "काय पाहिजे तुम्हाला?"

"शिवी पाहिजे. एकच. जुनी, घरची, खणखणीत."

पावलं लांब गेली. तिने फडकं किंचित सरकवून पाहिलं. तो गाओच्या झाडाखाली तिच्याकडे पाठ करून बसला होता.

ऊन वर आलं. मुंग्यांना बिबाताचा पत्ता लागला. आधी बकऱ्या हाकणाऱ्या दोन पोरी आल्या, त्या पळत गावात गेल्या आणि अर्ध्या तासात निम्मं गाव काठावर उभं राहिलं. मुखिया आला. त्याने खड्डा पाहिला, ताटं पाहिली, पायवाट पाहिली. खड्डा कशासाठी आहे हे कुणीही विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं, पण मयतीत असलं काही विचारायचं नसतं. मुखियाने फक्त टोपी सारखी केली आणि गंभीर तोंडाने विचारलं, "मयत कोणाची?"

"हस्सुमीच्या चवळीची," खड्ड्यातून उत्तर आलं.

रामातू आदल्या दिवशीच लेकीकडून परतली होती. तिने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, खड्ड्यातल्या पिवळ्या फडक्याकडे पाहिलं, आणि काठावर बसकण मारून सूर लावला. "काय गुणाची होती गं. कधी उलट बोलली नाही. भाताबरोबर नांदली, बाजरीबरोबर नांदली."

"पोट फुगवायची, तेवढाच काय तो दोष," दुसरीने साथ धरली.

"तोही हस्सुमीलाच," तिसरी म्हणाली. "आणि ऐकावं लागायचं आम्हा शेजाऱ्यांना."

बाया हसू दाबत रडत होत्या. बिबाता खड्ड्यातून मोठ्याने म्हणाली, "मयतीला आलात तसे तिसऱ्या दिवशी पण या. रिकाम्या हाताने येऊ नका. मेली ती चवळी होती, तेव्हा जे आणायचं ते चवळीच आणा." मुखिया म्हणाला, रीतच आहे ती. आता सांगूनच टाकतो, तिसऱ्या दिवशी लोकांनी खरंच आणली. घराघरातून एकेक टोपली, वेलांचे भारे वेगळे, आणि गेल्याएवढं नाही तरी बैलाचा आणि माणसांचा उन्हाळा निघेल एवढं जमलं. ते सगळं जमिनीवर रचलं गेलं आणि वर काटे टाकले गेले.

पण ते नंतरचं. त्या वेळी झाडाखालची पाठ हलत नव्हती. बायांचे विनोद संपले, सूर विरला. ऊन थेट खड्ड्यात उतरलं होतं. बिबाताचा घसा सुकला होता आणि पाठीखालची रेती भाजत होती. हा आता जन्मभर माझ्या बकऱ्यांची चौकशी करत राहणार, तिच्या मनात आलं, आणि मी मेले की दोन ओळी चांगलं बोलून घरी जाईल. फडक्याखाली तिच्या डोळ्यांना धार लागली. जिराफांसाठी ती आली होती हे खरं, पण त्या क्षणी तिला फक्त भाऊ परत हवा होता.

मग उजेड अडला. कुणीतरी काठावर उभं होतं.

"अगं ए गुलामाच्या पोरी," हस्सुमी म्हणाला, "पाय आखड. माती लोटतोय. एवढी आयती कबर तुला पुन्हा कोण खणून देणार?"

आणि खरोखरच फावडंभर रेती तिच्या पायांवर आली. बिबाता ओरडत उठली, दुसरं फावडं कंबरेवर आलं, तिसऱ्याला ती हातापायांवर रांगत बाहेर पडली आणि डोळे पुसले की रेती पुसली हे कुणाला कळलं नाही. गाव पोट धरून हसत होतं. हस्सुमी हसला नाही. तो मान खाली घालून माती लोटत राहिला, आणि बिबाता गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी लोटत राहिली, खड्डा जमिनीला मिळेपर्यंत.

तेव्हा हस्सुमी फावड्यावर टेकला. "आणखी दोन आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "एक ओढ्याकडे. एक उत्तरेला."

हसणं थांबलं. बिबाताला एकच माहीत होता. कालपासून कळप उत्तरेलाच होता, आणि तिने तो तिथे निवांत चरताना पाहून समाधानाने मान डोलवली होती. हस्सुमी न सांगता राहिला असता तर कुणालाही कळलं नसतं. त्याने सांगितलं होतं.

तिने हात झटकले, फडकं डोक्याला गुंडाळलं. "एका म्हातारीला तीन कबरी कशाला रे लागतात?"

"एक तुला," हस्सुमी म्हणाला. "एक तुझ्या जिभेला. दोघी एकीत मावत नाहीत."

"आणि तिसरी?"

त्याने आपल्या रिकाम्या माळ्याकडे पाहिलं. "तिसरी मला. तू शपथ घेत होतीस आणि मी चहा पीत होतो."

"तुला पुरायची नाही ती," बिबाता म्हणाली, "पोट बाहेर राहील. चल, बुजवून टाकू."

हस्सुमीने फावडं खांद्यावर टाकलं. ती काठी टेकत त्याच्यापुढे निघाली, कारण तिला घाई होती, आणि तिच्या चालीवर तोंडसुख घेत तो मागोमाग निघाला. आधी उत्तरेकडचा, असं ठरलं. मुखिया, रामातू आणि सगळी मयत त्यांच्या मागून चालू लागली.